मामंजींची पावलं

माझ्या सासऱ्यांच्या तोंडून ‘अंदाजे’ हा शब्द कधी बाहेर पडला असेलच, तर तो मी त्या घरात येण्याआधी, आणि बहुधा तापाच्या भरात. जव्हार संस्थानात ते मोजणीदार होते. तेहतीस फुटी साखळी, दोन गडी आणि चार झेंडे घेऊन संस्थानचे डोंगर, शेतं आणि पाडे मोजत फिरणं हे त्यांचं काम. पण हे काम त्यांनी कचेरीपुरतं ठेवलं नव्हतं. घरी आले, पगडी खुंटीला अडकवली, पाय धुतले, की त्यांची दुसरी पाळी सुरू व्हायची. तुळशीपासून विहिरीपर्यंत किती पावलं, ओसरीची तिसरी पायरी दुसरीपेक्षा किती बोटं उंच, शेजाऱ्यांच्या फणसाची फांदी आमच्या हद्दीत किती हात आली, हे सगळं त्यांना मुखोद्गत होतं. सासूबाईंची तांदळाची भाकरी अख्ख्या आळीत नावाजलेली, पण मामंजी ताटाकडे एकदा नजर टाकून म्हणायचे, “पूर्वेकडे अर्धं बोट जास्त गेली आहे,” आणि मग ती पूर्वेकडूनच खायला सुरुवात करायचे. सासूबाईंनी या गोष्टीवरून भांडायचं माझ्या येण्याआधीच सोडून दिलेलं होतं.

माझं माहेर खोडाळ्याचं. मुलगी बघायला मंडळी आली तेव्हा स्वयंपाक येतो का, ओव्या येतात का, असं काहीबाही विचारतील म्हणून आईनं मला पढवून ठेवलं होतं. मामंजींनी एकच प्रश्न विचारला. “मुली, तुमच्या दारापासून पाणवठा किती पावलांवर आहे?” मी जन्मात पावलं मोजली नव्हती. पण गप्प बसले तर मुलगी मुकी आहे म्हणतील या भीतीनं ठोकून दिलं, “दोनशे अकरा.” मामंजी गूळपाणी तसंच ठेवून उठले आणि चालू लागले. वडील घाबरून मागे, त्यांच्यामागे आमचे काका. बऱ्याच वेळानं परत आले, पाटावर बसले आणि म्हणाले, “माझी एकशे चौऱ्याण्णव भरली. मुलीची पावलं लहान आहेत, तेव्हा जमतं. पसंत आहे.” माझा संसार असा एका थापेवर उभा राहिला. ते मी त्यांना आठ वर्षांनी सांगितलं. ते म्हणाले, “थापसुद्धा जवळची मारलीस.”

अशा माणसाला कंपवात झाला.

सुरुवात इतकी बेमालूम झाली, की कुणाच्या लक्षातच आलं नाही. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा फिरू लागला, जपमाळेचा मणी ओढावा तसा. दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं तर चार दिवसांत बोलणं निघालं असतं. आमच्याकडे कुणी विचारलं, की सासूबाई सांगायच्या, “काहीतरी मोजतायत.” आणि ऐकणाऱ्याचं समाधान व्हायचं. मग अक्षर बारीक होऊ लागलं. मामंजींचं मोडी अक्षर टपोरं, एकेक ओळ भाताच्या लोंबीसारखी. ते हळूहळू नाचणीएवढं झालं, मग राजगिऱ्याएवढं. कचेरीतल्या शिरस्तेदारांनी एकदा त्यांचा कागद परत पाठवला. वर शेरा होता, “आपला अहवाल पोचला. अक्षरं पोचली नाहीत.” मामंजींनी आधी टाकाला दोष दिला, मग शाईला, मग मेजाच्या एका पायाला. मेजाचा पाय खरंच दीड बोट आखूड निघाला, त्यामुळे आठवडाभर त्यांना बरं वाटलं.

त्यानंतर त्यांचं हसू गेलं. म्हणजे चेहऱ्यावरचं गेलं. डोळ्यांची पापणी लवायची नाही, गाल हलायचे नाहीत, तोंडावर इस्त्री फिरवल्यासारखं. सासूबाईंना वाटलं, आपल्यावर रागावले. का रागावले हे विचारायचं नाही, असा त्यांचा जुना बाणा. त्यामुळे त्या मुकाट्यानं त्यांच्या आवडीचं करायला लागल्या. एक दिवस उडदाचे वडे, एक दिवस वरीच्या तांदळाची खीर, एक दिवस भरलेली वांगी. मामंजी निर्विकारपणे सगळं खायचे. अकराव्या दिवशी सासूबाईंचा धीर सुटला. पदर डोळ्यांना लावून त्या म्हणाल्या, “अहो, एवढं काय चुकलं माझं? हसायचंसुद्धा सोडलंत ते?” मामंजी घास हातात धरून थांबले. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं, फक्त ते दिसत नव्हतं. “मी अकरा दिवस हसतोच आहे,” ते म्हणाले. “इतकं चांगलं जेवण या घरात कधी झालंय?”

पण खरा धक्का त्यांना पावलांनी दिला. आमच्या घरापासून कचेरी आठशे चाळीस पावलांवर होती. इतकी वर्षं होती. एक दिवस ते संध्याकाळी येऊन ओसरीवर बसले आणि ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना हाक मारून म्हणाले, “आज नऊशे तीन झाली.” आमचे हे संस्थानच्या शाळेत मास्तर. ते म्हणाले, “बाबा, मोजताना चूक झाली असेल.” हे बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी मामंजींनी दोन्ही गडी बोलावले, साखळी काढली आणि भर बाजाराच्या दिवशी आमच्या उंबऱ्यापासून कचेरीच्या पायरीपर्यंतचा रस्ता मोजायला घेतला. भाजीवाल्या टोपल्या उचलून बाजूला झाल्या. रस्ता रुंद होणार, घरं जाणार, अशी आवई उठली. संध्याकाळी ते परतले तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाले. “साखळी खोटं बोलत नाही सूनबाई,” ते म्हणाले. “रस्ता तेवढाच आहे. मीच आखडलो.” एवढं बोलून त्यांनी तांब्या घेतला, आणि त्यावर पालथं घातलेलं फुलपात्र किणकिण वाजत राहिलं.

गावानं मात्र बोलायचं ते बोलून घेतलं. पुढे झुकून, बारीक पावलं टाकत, उतारावर आपोआप वेग वाढत जाणारा माणूस बघितला, की लोकांना एकच कारण सुचतं. बाजारातल्या एका दुकानदारानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “रावसाहेब, मोहाची चांगली नसते. सकाळी तरी घेऊ नये.” मामंजी म्हणाले, “मी घेत नाही. पण घेतल्यावर सरळ चालता येत असेल तर तसं कळवा.” हे त्यांनी इतक्या कोऱ्या चेहऱ्यानं सांगितलं, की त्या भल्या माणसानं चार ठिकाणी चौकशी केली म्हणे.

शेवटी वैद्यांना बोलावलं. वैद्यांनी नाडी बघितली, हात बघितला, दोन पावलं चालवून बघितलं आणि लपवाछपवी न करता सांगितलं, “हा कंपवात. हा जायला आलेला नाही, राहायला आला आहे. याला सांभाळून घ्यायचं.” मग त्यांनी खाजकुहिलीच्या बियांचं औषध सांगितलं. बिया दुधात शिजवायच्या, साल काढायची, तुपात परतून पूड करायची. संस्थानच्या रानात ह्या वेलीला तोटा नाही, पण तिच्या शेंगांवर जी सोनेरी लव असते तिचा स्पर्श झाला, की माणूस कातडं काढून ठेवायला तयार होतो. रानातली माणसं त्या शेंगा कशा काढायच्या ते जाणतात. आमचे हे पुस्तकी माणूस. “लव वाऱ्याच्या दिशेनं उडते, आपण वाऱ्याच्या उलट बाजूला उभं राहायचं,” असं म्हणून ते स्वतःच गेले आणि उपरण्यात बांधून शेंगा घरी घेऊन आले. वाऱ्यानं वाटेत दिशा बदललेली होती. त्यांनी उपरणं ओसरीवर झटकलं, सासूबाईंनी ते उचललं, मी ते धुवायला घेतलं. पुढचे दोन तास त्या घरात जे चाललं होतं ते लिहिण्यासारखं नाही. हे खांबाला पाठ घासतायत, सासूबाई शेणाचा गोळा हातांना चोळतायत, मी परसात मातीत लोळायच्या बेतात. आणि मामंजी मधोमध पाटावर बसून आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघतायत. थोड्या वेळानं ते म्हणाले, “आज या घरात मी एकटाच स्थिर आहे.”

त्या पुडीनं गुण आला. सगळा नाही, पण आला. सकाळी पूड घेतली, की काही वेळानं हात निवळायचा, पाय सुटे व्हायचे. मग दुपार कलली, की पुन्हा पहिले पाढे. मामंजींनी अर्थातच घड्याळ लावून हे सगळं मोजून काढलं आणि आपल्या दिवसाचे दोन भाग केले. चांगल्या वेळात दाढी, जेवण, कचेरीचं काम, पाहुण्यांशी बोलणं. उरलेल्या वेळात बसून ऐकायचं. “पूर्वी मी दिवसभर बोलायचो,” ते सासूबाईंना म्हणाले. “तेव्हा तू ऐकायचीस. आता फेड करतो.” सासूबाईंनी ही संधी सोडली नाही.

एकच गोष्ट पुडीनं सुधारली नाही. दाराशी आले, की त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. माणूस उंबऱ्यापर्यंत ठीक यायचा आणि तिथं उभाच राहायचा. अंग पुढे, पाय मागे. ओढलं तर पडायचे, ढकललं तर चिडायचे. याच्यावरचा उपाय मला दिवाळीत सापडला, तोही अपघातानं. मी उंबऱ्याच्या अलीकडे रांगोळीच्या पाच-सहा आडव्या रेघा ओढून ठिपके काढायच्या तयारीत होते, तोच मामंजी आले, रेघांकडे बघितलं, आणि एकेक रेघ ओलांडत, कवायतीला निघालेल्या शिपायासारखे ऐटीत बाहेर गेले. अंगणात पोचल्यावर त्यांना स्वतःलाच कळलं. मागे वळून म्हणाले, “सूनबाई, हद्द दिसली की मला ओलांडता येते.” त्या दिवसापासून आमचं घर वहीसारखं आखलेलं असायचं. माजघरातून ओसरी, ओसरीतून अंगण, तिथून पार न्हाणीघर, सगळीकडे वीत-वीत अंतरावर पांढऱ्या रेघा. शेजारणींनी यायचं कमी केलं. त्यांना वाटलं, हा करणीचा प्रकार आहे.

त्याच फाल्गुनात संस्थानच्या कारभाऱ्यांनी त्यांना बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की आता विश्रांती घ्यावी. मामंजी म्हणाले, “एक काम राहिलंय.” खोडाळ्याच्या बाजूला वरचा पाडा आणि खालचा पाडा अशा दोन वस्त्या होत्या. त्यांच्या मधल्या झऱ्यावरून भांडण पेटलं होतं. झरा बारमाही, त्यामुळे चैत्रात त्याच्याइतकं मोलाचं त्या डोंगरात काही नसायचं. अठरा वर्षांपूर्वी तिथली हद्द मामंजींनीच मोजून दगड पुरला होता. तो दगड आता दिसत नव्हता. जुनी मोजणी एका काळ्या खडकापासून सुरू झाली होती, आणि तसले काळे खडक त्या उतारावर शंभर. कोणता, ते एकट्या मामंजींना ठाऊक. कारभाऱ्यांचा नाइलाज झाला.

घरी हे ऐकल्यावर माझ्या यजमानांनी विरोध केला. “बाबा, तिथं दोन्ही पाड्यांची माणसं जमणार. तुमचे पाय अडकले तर लोक हसतील.”

“हसू देत की,” मामंजी म्हणाले. “मला जमत नाही, त्यांना जमतंय तर हसू देत.”

मी म्हटलं, मी जाते बरोबर. तसंही बोहाड्यासाठी मला माहेरी जायचंच होतं. बोहाडा म्हणजे आमच्या मोखाड्याकडचा मोठा उत्सव. देवादिकांचे लाकडी मुखवटे चढवून लोक संबळाच्या ठेक्यावर नाचत मिरवतात. त्या दिवसांत वाटेनं जिकडेतिकडे संबळवाले आणि सनईवाले भेटत असतात. सासूबाईंनी पुडीची डबी दिली, मी रांगोळीचा डबा घेतला, दोन्ही गड्यांनी साखळी घेतली, आणि आमची बैलगाडी निघाली.

पहिला मुक्काम मोखाड्याला झाला. दुसऱ्या दिवशी झऱ्यावर सकाळीच पोचायचं, म्हणजे चांगली वेळ हातात असेल, असा मामंजींचा चोख बेत होता. पण खोडाळ्याच्या अलीकडे गाडीचं चाक निखळलं. ते बसवून आम्ही पोचलो तोवर ऊन डोक्यावर आलेलं आणि पुडीचा जोर ओसरलेला. झऱ्याच्या एका अंगाला वरचा पाडा उभा, दुसऱ्या अंगाला खालचा. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मामंजी गाडीतून उतरले, काठी टेकून तीन पावलं चालले, आणि उंबराच्या झाडाखाली खिळल्यासारखे उभे राहिले. मी रांगोळी घेऊन धावले, पण तिथं सगळी वाळलेल्या गवताची आणि गोट्यांची जमीन. रेघ कुठं उमटणार? त्यांचा हात काठीवर थाडथाड उडत होता. चेहरा दगडासारखा. सगळी माणसं श्वास रोखून बघत होती. मला वाटलं, आता कुणीतरी हसणार.

हसलं कुणी नाही. वरच्या पाड्याची एक म्हातारी पुढे आली, तिनं मामंजींच्या थरथरत्या हाताकडे बघितलं, त्या न हलणाऱ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हात जोडून ओरडली, “वारं आलं! देव आला याच्या आंगात!”

सगळा जमाव एकदम खाली बसला. म्हातारी मामंजींच्या अगदी पुढ्यात येऊन म्हणाली, “देवा, माझी म्हस चार दीस झालं, नाय आली. कठं गेली ती सांग.”

मामंजींचा आवाज तोवर फार बारीक झाला होता. ते पुटपुटले, “बाई, मी देव नाही. मी मोजणीदार आहे.” म्हातारीनं कान लावून ऐकलं आणि मागे वळून सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, “देव बोलला! मोजणीदार होऊन आलो, म्हणतो!”

मी पदर तोंडात कोंबला. मामंजींनी पुन्हा समजावून सांगायचा प्रयत्न केला, तोही तिनं देववाणी म्हणून जाहीर केला. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि त्या डोंगराचा एकेक खळगा त्यांच्या पायाखालून गेलेला. ते म्हणाले, “या दिवसांत वरचं पाणी आटतं. ओढ्याच्या दुसऱ्या वळणावर डोह आहे, इथून बाराशे पावलं. म्हैस तिथं बसली असेल.” म्हातारीचा लेक लगेच तिकडे पळाला.

“बघता काय?” म्हातारी खेकसली. “देव उभा हाय नं! संबळ वाजवा!”

मोखाड्याला निघालेला एक संबळवाला गर्दीत होताच. त्यानं कमरेचं संबळ पुढे घेतलं आणि काठ्यांनी ठेका धरला. मी मामंजींच्या पायांकडे बघत होते. चौथ्या-पाचव्या ठेक्याला त्यांचा उजवा पाय सुटला. मग डावा. मग पुन्हा उजवा. त्यांनी वाकलेली मान उचलली आणि संबळवाल्याकडे बघून म्हणाले, “थांबू नका. वाजवत राहा.” एवढं वाक्य त्यांनी ठणठणीत आवाजात म्हटलं.

आणि मग ती मोजणी सुरू झाली. तशी मोजणी संस्थानात ना आधी झाली ना नंतर. पुढे संबळ, मागे काठी उगारून मामंजी, त्यांच्यामागे साखळी धरलेले दोन गडी, डबा पोटाशी धरून मी, आणि दोन्ही बाजूंनी हात जोडून दोन पाडे. मामंजी शंभर खडक ओलांडून बरोबर एका काळ्या खडकापाशी थांबले, तिथून साखळी धरली आणि उतारावर निघाले. एका ठिकाणी काठी टेकून म्हणाले, “इथं खणा.” हातभर गाळ काढल्यावर कुदळ ठणकन वाजली. दगड निघाला. त्यावरची अठरा वर्षांपूर्वीची खूण अजून वाचता येत होती.

पण त्या दगडानं म्हातारीचं वाटोळं केलं. झरा हद्दीच्या नऊ हात पलीकडे, खालच्या पाड्यात निघाला. वरच्या पाड्यातल्या दोघा-तिघांच्या मुठी वळल्या. तेवढ्यात म्हातारीचा लेक ओढ्याकडून चिखलानं माखलेली म्हैस हाकत वर आला. म्हातारीनं म्हशीकडे बघितलं, झऱ्याकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवून मामंजींना विचारलं, “म्हस दिलीस नं पाणी नेलंस. आसा कसा देव तू?”

“म्हणून तर मघापासून सांगतोय,” मामंजी म्हणाले. “मी मोजणीदार आहे.”

आधी खालचा पाडा हसला, मग म्हातारी हसली, मग सगळेच. मामंजींचा चेहरा तसाच होता, पण मी एव्हाना तो वाचायला शिकले होते. हसू ओसरल्यावर त्यांनी सगळ्यांना जवळ बसवलं आणि सावकाश सांगितलं, “हा निकाल देवाचा नाही. देवाच्या नावानं मोजणी झाली, तर अपील कुठं करायचं? कुणाला पटत नसेल त्यानं कचेरीत यावं, साखळी पुन्हा धरावी.” मग मला म्हणाले, “सूनबाई, लिहून घे. माझं अक्षर आता पोचत नाही.” मला थोडंबहुत लिहायला ह्यांनी शिकवलं होतं. मी लिहिलं, की झरा खालच्या पाड्याचा, शेताला पाणी त्यांचं. पण वरच्या पाड्याच्या बायका इथं हंडे भरत आल्या, असं जुन्या मोजणीच्या वेळीही लिहून ठेवलं होतं, तेव्हा पिण्याचं पाणी दोघांचं. खालच्या पाड्याचा कारभारी जरा कुरकुरला, मग त्यानं मान डोलावली. म्हातारी म्हणाली, “हंड्याचं रायलं नं? मग झालं,” आणि म्हशीला घेऊन निघून गेली.

परत येताना खोडाळ्याची घरं दिसायला लागली तेव्हा मामंजींनी विचारलं, “सूनबाई, खडकापासून दगडापर्यंत किती पावलं झाली माझी?”

या वेळी मी खरंच मोजली होती. “चारशे सात,” मी म्हटलं.

“असं का?” ते म्हणाले. “मी मोजायला विसरलो.”

चैत्रात त्यांची नोकरी सुटली. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले, आणि ती नऊ वर्षं कशी गेली हे कुणी विचारलं तर मी सांगते, की गडबडीत गेली. रोज सकाळी मी परातीवर पळीनं ठेका धरायचा, त्यावर मामंजी अंगणात फेऱ्या घालायचे. शाळेत जायच्या घाईत माझ्या यजमानांनी एकदा ठेका धरला तर मामंजी अर्ध्यावर थांबून म्हणाले, “मास्तर, तुम्ही पळी नुसती आपटताय.” अंगरख्याच्या गुंड्या जाऊन बंद आले. पेला जाऊन जड बुडाचं पितळी भांडं आलं. आणि पत्त्यांच्या डावात त्यांना कुणी हरवू शकेना, कारण हातात काय आलंय ते त्यांच्या तोंडावर ब्रह्मदेवालाही दिसलं नसतं. वैद्य स्वतः दर आठवड्याला हरून जायचे आणि जाताना म्हणायचे, “याच्यावर मात्र औषध शोधलं पाहिजे.” वाईट दिवसही होतेच. घास घशात अडकायचा, अंथरुणावर कूस बदलायची तर दोन माणसं लागायची. एकदा उभ्याउभ्या पडले आणि महिनाभर झोपून होते. तेव्हा कुणाला हाक मारायला आवाज पोचत नसे, म्हणून त्यांनी उशाशी एक घंटी मागितली. ती हातातच असायची आणि कंपामुळे दिवसभर वाजायची. शेवटी सासूबाईंनी सांगितलं, “वाजायची थांबली की मी येईन,” आणि तोच नियम ठरला.

त्या दिवसांत आम्हांला एक नवीनच गोष्ट कळली. झोप लागली, की त्यांचा हात थांबायचा. अगदी शांत. इतक्या वर्षांत तो हात हलताना बघायची अशी सवय झाली होती, की तो पांघरुणावर निपचित पडलेला दिसला, की सासूबाई हातातलं टाकून त्यांच्यापाशी यायच्या. त्या त्यांना हलवून उठवायच्या. हात पुन्हा थरथरू लागायचा, आणि सासूबाई समाधानानं स्वयंपाकघरात परतायच्या. मामंजी म्हणायचे, “अगं, झोपू दे की मला.” दुपारच्या एका झोपेत तीन-तीनदा हे व्हायचं. शेवटी मी तोडगा काढला. मी सुपात तांदूळ निवडत त्यांच्यापाशी बसायचं, सासूबाईंनी आतूनच विचारायचं, “हात हलतोय का गं?” आणि मी म्हणायचं, “हलतोय.” पुष्कळदा तो हलत नसायचा. झोपलेल्या माणसाला चार घटका निवांत मिळाव्यात, म्हणून मी खोटं बोलायची.

नवव्या वर्षीची गोष्ट, मार्गशीर्षातली दुपार होती. बाहेर कोवळं ऊन होतं, परसात कुणीतरी भात झोडत होतं. जेवणं होऊन मामंजी आडवे झाले होते. मी सुपातले तांदूळ निवडता निवडता सहज बघितलं, तर हात पांघरुणावर शांत होता. पांघरूणही वरखाली होत नव्हतं. मग सूप बाजूला ठेवून तो हात माझ्या हातात घेतला.

आतून सासूबाईंनी विचारलं, “हात हलतोय का गं?”

मी म्हटलं, “झोपू द्या त्यांना, सासूबाई.”